साडीच्या बदल्यात सातबारा

जमिनीच्या नोंदणी कार्यालयात कधी जाऊन बसलात तर बाकावरच्या बायका नीट बघा. पुरुषांच्या हातात फायली असतात. बायकांच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी असते आणि पिशवीत नवी साडी. सकाळी भावाची गाडी दारात आलेली असते. वाटेत चहा-वडापाव झालेला असतो. वहिनी कधी नव्हे ती गोड बोललेली असते. नाव पुकारलं की बाई उठते, यंत्रावर अंगठा ठेवते, कॅमेऱ्याकडे बघते. साहेब विचारतात, "मजकूर कबूल आहे का?" ती भावाकडे बघते. भाऊ मान हलवतो. ती म्हणते, "हो."

या कागदाचं नाव हक्कसोडपत्र. त्यात बहुधा हे वाक्य असतं: मी हे पत्र राजीखुशीने, कोणत्याही दडपणाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता लिहून देत आहे.

मैत्रिणींनो, या एका वाक्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. त्यातली मोबदल्याची गोष्ट शंभर टक्के खरी असते. उरलेल्या दोन खऱ्या आहेत की नाहीत हे विचारायची कुणाची हिंमत नसते. आपल्या संघटनांचीसुद्धा.

मी कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांपैकी एका गावातली. ही गावं १९८३ साली महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली पुन्हा आत घेतली. हद्द आत गेली काय आणि बाहेर आली काय, जमिनीचा भाव मात्र चढतच राहिला. जिथे माझ्या आईने गुडघाभर चिखलात भात लावला, तिथे आज वीस-वीस मजल्यांचे टॉवर आहेत. या सगळ्या काळात आमच्या गावात काय काय विकलं गेलं आणि ते कुणी विकलं, याचा हिशेब मला मांडायचा आहे. कारण आपल्याला नेहमी ऐकवलं जातं, "बायकांना व्यवहार कळत नाही."

खरंच कळत नाही?

पावसाळ्याच्या तोंडावर पहाटेच्या गाडीने मुरबाड-शहापूरकडच्या ठाकूर, कातकरी बायका कल्याण स्टेशनबाहेर येऊन बसतात. समोर शेवळं, कुर्डू, टाकळा, कंटोळी. शेवळाच्या जुडीबरोबर काकडं द्यायची हे त्यांना ठाऊक असतं, नाहीतर खाणाऱ्याचा घसा खाजतो आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. किती माल आणला, परतीच्या भाड्याला किती लागेल, दुपारी किती भाव उतरवला तर माल अंगावर पडणार नाही, हे सगळं गणित डोक्यात. आमच्या गावच्या म्हाताऱ्या सुकट-बोंबील घेऊन पाड्यापाड्यावर फिरायच्या. पैसे नसतील तिथे भात घ्यायच्या. कुणाची किती उधारी ते दोन-दोन वर्षं तोंडपाठ. माझी आई कोंबड्या आणि अंडी विकायची. तिच्याकडून अंडं उधार नेलेला माणूस विसरला तरी ती विसरायची नाही.

म्हणजे पाच-पन्नास रुपयांचा व्यवहार बाईला कळतो. कोंबडी तिची, बकरी अर्धी तिची. बैलापाशी मात्र तिचा व्यवहार थांबतो. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा इथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते. तिथला बैलबाजार साऱ्या ठाणे जिल्ह्यात नावाजलेला. तिथे बैल घेणारा आधी जबडा उघडून दात मोजतो, दोनदाती की चारदाती. मग चालवून बघतो, खूर बघतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, मग विसार हातावर पडतो. वर्षभर त्या बैलाचं शेणमूत काढणारी, वैरण आणणारी बाई त्या यात्रेत काय करते? घोंगडी बघते, मुलांना पाळण्यात बसवते. बैल किती रुपयांना गेला हे तिला घरी आल्यावर कळतं. कळलं तर.

आणि जमीन? तिथे तर बाईने तोंडही उघडायचं नाही. पण एक गंमत बघा. बैलाच्या व्यवहारात बैलाच्या सहीची गरज नसते. जमिनीच्या व्यवहारात बाईच्या सहीची गरज असते, कारण कायद्याने ती वारस आहे. जमीन घेणाऱ्याचा वकील सांगतो, "सगळ्या बहिणींच्या सह्या आणा, नाहीतर टायटल क्लिअर होत नाही." म्हणजे ज्या सहीवाचून कोटींचा व्यवहार अडतो, त्या सहीची किंमत एक साडी. बैल विकतानाही विसार द्यावा लागतो. बहिणीची सही फुकट मिळते. त्याला आपल्याकडे गोंडस नाव आहे, चोळीबांगडी.

आता माझीच गोष्ट सांगते. दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी ती सांगणं भाग आहे.

२०१३ साली मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. त्याच वर्षी मी हक्कसोडपत्रावर सही केली. महिला आणि कायदा या विषयात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्त्या मी परीक्षेत कलमांसकट लिहिल्या होत्या. वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती. भाऊ म्हणाले, "तुझ्या शिक्षणाला आम्ही खर्च केलाच ना." आई म्हणाली, "बाय, उद्या नवऱ्याने हाकललं तर भावाच्याच दारात येशील." मी सही केली. आईनेही त्याच दिवशी केली. आमच्यावर कुणी हात उगारला नाही, कुणी आवाजही चढवला नाही. म्हणूनच मी म्हणते की 'दडपण' या शब्दाचा कायद्यातला अर्थ आपल्या आयुष्याला पुरत नाही. आईच्या त्या एका वाक्यात सगळं दडपण होतं.

पुढे ती जमीन विकली गेली. भावांचे बंगले झाले. आज माझी आई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी धाकट्या सुनेकडे पैसे मागते. जिने त्या जमिनीत चाळीस पावसाळे काढले ती आज गोळ्यांची चिठ्ठी पदरात बांधून सुनेची वेळ बघत बसते.

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजी मागे घेता येत नाही. दडपण किंवा फसवणूक दिवाणी कोर्टात सिद्ध करावी लागते आणि त्यालाही तीन वर्षांची मुदत. माझी मुदत कधीच संपली. तुमच्यापैकी ज्यांच्या पुढ्यात आज कागद आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण गावात अजूनही "मुलीचा हक्क लग्नापर्यंत" असं बिनदिक्कत सांगितलं जातं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्माने हक्कदार आणि मुलगी नाही, हा भेद ठेवला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलींनाही जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी मुलाच्या बरोबरीने हक्कदार झाली, लग्न झालेली असो वा नसो. त्यानंतरही वडील हयात असायला हवेत की नकोत यावर घोळ चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला: हक्क जन्माने येतो, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री आणि रीतसर वाटप यांना धक्का लागत नाही. आणि हेही लक्षात ठेवू या की हा कायदा आदिवासी बहिणींना लागू नाही. कल्याण स्टेशनबाहेर शेवळं विकणाऱ्या त्या बाईला हा आधारही नाही. तिचा प्रश्न आपल्या अजेंड्यावर शेवटी येतो, तो वर आला पाहिजे.

कायदा असा बदलत गेला, पण सातबारा जागचा हलला नाही. जुने उतारे काढून बघा. वडील वारले की थोरल्या भावाचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बहिणींची नावं एकतर नाहीतच, नाहीतर 'इतर हक्क' या रकान्यात. आपल्याच बापाच्या जमिनीत आपण 'इतर'! शेती करणाऱ्या बायका घरोघरी दिसतात, पण २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका होत्या जेमतेम १४ टक्के.

आता नेहमीचे आक्षेप. "लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा." लग्नाचा खर्च भावाच्या लग्नातही झाला, त्याच्या वाट्यातून कुणी वजा केला? शिवाय हुंडा घेणं-देणं १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती दाखवून हक्क फेडता येत नाही.

"जमिनीचे तुकडे होतील." चार भावांत होतात तेव्हा तुकडे नसतात, बहिणीला दिली की तुकडा होतो? आमच्याकडे तर जमीन सलग विकली जाते आणि वाटायचे असतात पैसे. पैशांचे कुठे तुकडे पडतात?

"बहीण घेते म्हणजे भावजयीच्या तोंडचं काढते." हा आक्षेप सर्वांत कावेबाज, कारण तो बाईला बाईसमोर उभा करतो. नवरा जिवंत असेपर्यंत भावजयीचं तरी नाव सातबाऱ्यावर असतं का? विक्रीच्या दिवशी तिला कुणी विचारतं का? माहेरी ती सही देऊन आलेली, सासरी तिला सहीच नाही. भावजय आणि नणंद या दोघी एकाच रांगेत उभ्या आहेत, फक्त पाठीला पाठ लावून.

बाईचं नाव कागदावर येऊच शकत नाही असं मात्र नाही. २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तेव्हा बायकोचं नाव पटकन आठवतं. नाव दिल्याने पैसे वाचणार असतील तर ती घरची लक्ष्मी, पैसे जाणार असतील तर ती परक्याचं धन.

हे बदलता येतं, त्याला उदाहरणं आहेत. बोधगयेच्या भूमिहीन बायकांनी मठाविरुद्धच्या लढ्यात जमीन आपल्या नावावर मागितली आणि ऐंशीच्या दशकात काही गावांत मिळवली. आपल्याकडे शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि किती गावांत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला. तो मोहिमेचा सन्मान होता, हक्क नव्हे, हे खरं. पण सातबाऱ्यावर बाईचं नाव आलं म्हणून आभाळ कोसळत नाही, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं.

आणि आपण काय केलं? मारहाणीची केस आली तर आपण रात्री बारालाही पोलीस ठाण्यात जातो. जमिनीची केस आली की म्हणतो, "ताई, हा दिवाणी मामला, घरात बसून मिटवा." माझ्यासमोर भाऊ-बहीण बसवून मी स्वतः असे समझोते लिहून दिले आहेत. माहेर टिकावं म्हणून. पण नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला निवारा शोधताना आपली जी धावपळ होते तिचं मूळ कुठे आहे? तिच्या नावावर चार भिंती नाहीत, यातच ना? मार सहन करण्यामागे आणि सही देण्यामागे एकच भीती आहे. पहिलीशी लढायचं आणि दुसरीला समजुतीने घ्यायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या प्रत्येक केंद्रात जमिनीची केस ही हिंसेच्या केसइतकीच तातडीची मानावी. घरात मृत्यू झाला की बहिणीचं नाव वारसनोंदीत लागलं का हे बघायला कार्यकर्तीने तिच्याबरोबर तलाठ्याकडे जावं. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. हक्कसोडपत्र नोंदवण्याआधी बाईशी भावाच्या माघारी, एकटीशी बोलण्याची आणि मिळकतीचा सरकारी दर तिला आकड्यात सांगण्याची सक्ती निबंधकांवर असावी, अशी मागणी आपण लावून धरावी. सोडायचंच असेल तर किती सोडते आहे हे तरी तिला कळू द्या. आणि सर्वांत आधी आपण कार्यकर्त्यांनी एकमेकींना सांगावं, आपापल्या माहेरी आपण काय केलं. मी सांगितलं.

शेवटी माझ्या आत्याबद्दल. आमचा २७ गुंठ्यांचा एक तुकडा विकायचा राहिला होता. आत्याचं नाव त्यात 'इतर हक्कात' होतं. दोन वर्षांपूर्वी भावांनी मला फोन केला, "तू शिकलेली आहेस, आत्याला समजाव." मी गेले. समजावलं. कायदा सांगितला, भाव सांगितला, तिच्या हिश्श्याचा आकडा कागदावर मांडून दाखवला. सत्तरीची माझी आत्या बराच वेळ गप्प होती. जन्मभर डोक्यावर सुकटीची पाटी वागवलेली बाई. मग म्हणाली, "एवढे? आणि माना साडी?"

तिने वाटा मागितला. वर्षभर ताणलं, पण सहीवाचून व्यवहार होईना, तेव्हा मिळाला. पुतण्याच्या मुलाच्या हळदीला तिला बोलावणं आलं नाही. मलाही नाही. त्या दिवशी ती रडली, हे मी लपवणार नाही. माहेर तुटतं, ही भीती खोटी नाही. पण जे माहेर आपल्या अंगठ्यावर टेकलेलं असतं आणि अंगठा उचलला की कोसळतं, ते आधी तरी आपलं होतं का?

आत्याने त्या पैशातून स्वतःच्या नावावर एक खोली घेतली आहे. दारावर तिच्या नावाची पाटी आहे. परवा माझ्या आईने मला विचारलं, "तुझ्या आत्याकडं चार दिवस जाऊन ऱ्हाऊ काय?"