खर्जाच्या शोधात

परगावी गेले की कोणी देवळे पाहतो, कोणी साड्यांची दुकाने पाहतो, आणि आमच्या शेजारचे एक गृहस्थ तर तिथली भजी कशी होती एवढेच सांगत परत येतात. मला वाद्यांची दुकाने पाहण्याचा नाद आहे. विकत घेण्याचा म्हणाल, तर नाही. आमच्या घरात एका पेटीला जागा करतानाच पाहुण्यांच्या दोन गाद्या माळ्यावर गेल्या. पण अनोळखी गावात संध्याकाळ मोकळी सापडली, की मी रिक्षावाल्याला सांगतो, ‘तबला-पेटीचं दुकान असेल तिकडे ने.’ तो एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या रिकाम्या हातांकडे पाहतो, आणि नेतो.

या नादातून एक गोष्ट मला कळली आहे. वाद्याचे दुकान चांगले की वाईट हे काचेच्या कपाटावरून ओळखू नये. मागच्या बाजूला दुरुस्तीला बसलेला माणूस आहे की नाही, ते पाहावे. तो असला म्हणजे गावातले वाजवणारे तिथे येत असतात. कोणाची तार तुटलेली असते, कोणाची शाई उडालेली असते. आणि ते येत असले म्हणजे रात्री गाणे कुठे आहे, हेही तिथेच कळते. वर्तमानपत्रात न आलेली बैठक, एखाद्या वाड्यातले भजन, कोणाच्या तरी घरची पंचाहत्तरी, हे सारे त्या मागच्या बाकड्यावर ठाऊक असते. चांगले दुकान शोधणे आणि चांगले गाणे शोधणे ही दोन कामे नाहीतच.

हे सगळे आठवण्याचे कारण आमचा भाचा ओंकार. तो इंजिनियरिंगला आहे, आणि कॉलेजच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवतो. आमची ताई, म्हणजे त्याची आई, स्वतः गाते. तंबोरा घेऊन बसल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. ती मोठ्या हौसेने मुलाच्या स्नेहसंमेलनाला गेली आणि घरी आल्यावर म्हणाली, ‘सगळ्यांचं ऐकू आलं, आमच्या ह्याचंच तेवढं नाही.’ पोरगा काही बोलला नाही, पण दोन दिवस जेवताना मान खाली घालून होता. तोवर तो मित्राचे वाद्य मागून वाजवीत असे. शिकवण्या करून त्याने पैसे जमवले होते आणि स्वतःचे घ्यायचे होते. ताईचे म्हणणे, ‘ज्यावर एक गाणं धड वाजत नाही, त्यात एवढे पैसे कशाला?’ मग मला म्हणाला, ‘मामा, तुम्ही सांगा ना आईला!’

आता सांगायचे म्हणजे आधी मला कळायला हवे. मी त्याला वाद्य दाखवायला सांगितले. चार जाड तारा, लांब मान. सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. पुरुषी काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ कंपनांवर असते. म्हणजे हे वाद्य आपल्या खर्जाच्याही खाली उतरते. पूर्वी वाद्यवृंदात हे काम माणसाएवढ्या उंचीचा डबल बास करीत असे. विजेच्या गिटारी आणि ढोल-ताशांसारखे ड्रम आले, तेव्हा त्या गलक्यात त्याचा आवाज बुडू लागला. मग १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी पडदे बसवलेला, गळ्यात अडकवता येईल असा विजेवरचा बास बाजारात आणला. सूर नेमक्या जागी सापडावा म्हणून पडदे. त्याचे नावच त्यांनी ‘प्रिसिजन’ ठेवले.

एवढे कळल्यावर मी ताईला एकच विचारले, ‘तुझ्या तंबोऱ्यातली चौथी तार कोणाला ऐकू येते?’ ती म्हणाली, ‘मला येते.’ यावर पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

नेमकी त्याच उन्हाळ्यात तिच्या तंबोऱ्याची जवारी गेली. ती म्हणाली, मिरजेलाच न्यायचा. नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघाले म्हणजे जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढावी लागते. तंबोरा सांभाळायला ओंकार आणि ओंकारला सांभाळायला मी, असे तिघे निघालो. तिथून मुंबईला जाऊन त्याचे वाद्य पाहायचे, हे ताईने मान्य केले. म्हणजे नाही म्हणाली नाही. खालचा बाक तंबोऱ्याला मिळाला. अकोल्याला चढलेल्या एका आजींनी रात्रभर त्याच्यावर असा हात ठेवला होता, की जणू त्यांचाच नातू निजला आहे.

मिरजेला वाद्ये घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकातली. तिचे मूळ पुरुष फरीदसाहेब हे शिकलगार घराण्यातले, हत्यारांना धार लावणाऱ्यांतले. तलवारींचे दिवस सरले आणि त्या हातांनी सतारी घडवायला घेतल्या. आजही तिथल्या कारागिरांचे आडनाव सतारमेकर असे आहे. त्यांच्या गल्लीत शिरले की माडीवर, जिन्यात, छताला, जिथे पाहावे तिथे भोपळे. हे भोपळे खाण्याचे नव्हेत, कडू. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आकार चांगला निघाला तर तंबोरा, लहान निघाला तर सतार, अशी त्यांची निवड. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेच असेल. पण तिथे गेल्यावर मानांकनापेक्षा कानसेचा आवाज अधिक जाणवतो.

जवारी काढणे म्हणजे काय, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. घोडीचा माथा कारागीर कानसेने केसभर घासतो, तार चढवतो, छेडतो, पुन्हा उतरवतो, पुन्हा घासतो. तारेखाली दोऱ्याचा एक तुकडा सरकवतो, आणि तो नेमक्या जागी आला की साधी तार एकदम बोलू लागते. आमचे कारागीर वयस्क होते. तीन तारा लावून झाल्या. चौथी, पितळेची, त्यांनी मुद्दाम मागे ठेवली आणि ताईला म्हणाले, ‘बाई, जरा षड्ज लावा.’ ताईने लावला. गोड लागला. मग त्यांनी खर्ज जुळवला आणि म्हणाले, ‘आता लावा.’ स्वर तोच होता, गळाही तोच. पण खोलीला जमीन आली. ओंकार उंबऱ्यात बसला होता. तो हळूच म्हणाला, ‘आई, मी तेच करतो.’ ताई म्हणाली, ‘गप, स्वर ऐकू दे.’ पण तिने त्याला आत, आपल्या शेजारी बसायला जागा केली.

रात्री गाणे कुठे आहे, ते अर्थात त्याच बाकड्यावर कळले. मिरज हे डॉक्टरांचे गाव. एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात वीस-पंचवीस माणसांत यमन ऐकला. पण मिरजेचे खरे गाणे ऐकायचे तर मीरासाहेबांच्या उरुसाला जावे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात एका लहानशा स्टेशनावर वारले. त्यांचे दफन मिरजेला या दर्ग्याच्या परिसरात झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात दर्ग्याच्या आवारात गायन-वादन होते, आणि मोठमोठे कलावंत तिथे हजेरी लावतात. एक सूचना करून ठेवतो: उरूस चांद्र महिन्याने येतो, त्यामुळे दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीची तारीख पाहून तिकीट काढू नये. उरूस साधला नाही, तर नवरात्रात अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव आहे.

मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई. धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या चौकात, पाश्चात्त्य वाद्यांचा बाजार. फुर्ताडो हे नाव १८६५ सालापासूनचे. आजूबाजूच्या जेर महालासारख्या जुन्या इमारतींत गोव्याच्या एकेका गावाचे ‘कुड’ असत. गावाहून आलेला खलाशी, स्वयंपाकी किंवा वादक तिथे ट्रंक ठेवून कामाच्या शोधात निघे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी या मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलेले होते. हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे राहिले ते बरेचसे या माणसांवर. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबास्टियन डिसोझा करीत. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, ते अँथनी गोन्साल्विस. १९७७ साली एका चित्रपटगीतात ते नाव आले आणि घराघरांत पोचले, पण त्या नावाचा माणूस खरोखर आहे हे किती जणांना ठाऊक होते? राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारे टोनी वाझ यांचे तर नावही आपण कधी विचारले नाही. गाणी मात्र तोंडपाठ. ओंकारने हे नाव घेतले तेव्हा ताई चमकली. त्यातली निम्मी गाणी ती स्वयंपाक करताना गुणगुणते.

बास गिटार घेताना काय पाहावे, हे मी भाच्याकडून आणि दुकानात मागे बसलेल्या मिस्त्रीकडून शिकलो. ज्यांच्या घरी असे चिरंजीव असतील त्यांच्या उपयोगी पडेल. आधी विजेला न जोडता वाजवावी. मोठ्या ॲम्प्लिफायरला लावली की कोणतीही गिटार भारदस्त वाटते. मान डोळ्याशी धरून, सुतार फळी पाहतो तशी पाहावी. अगदी किंचित बाक असतो, तो हवाच. पीळ मात्र नसावा. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून ऐकावी. तंबोऱ्यात जो झणकार आपण पैसे देऊन काढून घेतो, तो इथे दोष समजतात. मला याची मोठी मौज वाटली. बटणे फिरवताना चरचर येऊ नये. वाद्य गळ्यात अडकवून पंधरा मिनिटे उभे राहावे, कारण चार-चार किलोंचे वजन असते आणि खांदा आपलाच असतो. हात लहान असेल तर चौतीस इंची तारेऐवजी तीस इंची पाहावी. आणि ज्या दुकानदाराला ही पंधरा मिनिटे जड होतात, त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे. आम्ही तीन दुकाने फिरलो, चौथ्यात ओंकारची गिटार सापडली. ताई बाहेर फुटपाथवर उभी होती. पैसे देण्याच्या वेळी आत आली आणि पिशवीसाठी जाड कापडाची आहे ना, एवढेच विचारले.

याच धोबीतलावला रंगभवन आहे. १९७८ साली तिथे जॅझ यात्रा भरली, १९८६ पासून रॉकवाल्यांचा मेळा भरू लागला. दुकानातून निघून चार पावलांवर गाणे, अशी ती सोय होती. पुढे रुग्णालयांच्या शेजारामुळे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि उघड्यावरची ती मैफल थांबली. रुग्णांची बाजू खरीच. तरी त्या बंद फाटकासमोर भाचा बराच वेळ उभा राहिला. त्याच्या आधीच्या पिढीने तिथे काय ऐकले हे त्याला मोबाइलवर ऐकावे लागते, आणि नेमका त्याचाच स्वर मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला काढता येत नाही. बास ऐकायचा तर वाजणाऱ्या माणसासमोर जाऊन बसावे लागते. मिस्त्रीने सांगितलेल्या एका छोट्या सभागृहात त्या रात्री आम्ही तिघे गेलो. गोव्याकडचे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बासवर होते. दोन तासांत एकदाही पुढे आले नाहीत. मध्येच ताईने समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. बाहेर आल्यावर मी विचारले, ‘ऐकू आले का?’ म्हणाली, ‘हाताला आलं. पण चाल कुठे आहे त्यात?’ ओंकार हसला. तो तिच्याशी या विषयावर हसल्याचे मी प्रथमच पाहिले.

नागपूरला येणाऱ्यांनी मला हाच प्रश्न विचारला, तर सांगण्यासारखे पुष्कळ आहे. वसंतराव देशपांडे इथे शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. सिव्हिल लाइन्समधले सभागृह त्यांच्याच नावाचे आहे, तिथला फलक पाहावा. विजयादशमीला दीक्षाभूमीच्या आसपासच्या रस्त्यांवर रात्रभर भीमगीते चालतात, त्यांना तिकीट नाही. पण या दिवसांत यायचे असेल, तर नागपुरात न थांबता पुढे वडशाला जा. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया भरतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत. वडशाला वाद्यांचे मोठे दुकान नाही, पण नाटक मंडळांच्या कचेऱ्या ओळीने आहेत. कोणत्याही एकीत शिरून ‘आज प्रयोग कोणत्या गावाला?’ म्हणून विचारावे. गावाचे नाव सांगतील, वाट सांगतील, आणि बहुधा चहाही देतील. धानाच्या कापलेल्या बांधीत मंडप असतो. नाटक रात्री उशिरा उघडते आणि उजाडेपर्यंत चालते. गाणी रेकॉर्डवरची नव्हेत. ऑर्गन, ढोलकी, तबला रंगमंचापुढे बसून वाजवतात. थंडी कडाक्याची पडते, तेव्हा घोंगडी न्यावी आणि जागा वाजवणाऱ्यांच्या जवळ धरावी. ओंकारची परीक्षा डिसेंबरात संपते. ताईने यंदा यायचे कबूल केले आहे. ऑर्गनवाला डाव्या हाताने खाली काय धरतो, ते तिला पाहायचे आहे म्हणते.