गरम प्लगचं गणित

थंडी पडली की आम्हा नाशिककरांना पहाटे नळाखाली हात धरवत नाही. आमच्या जुन्या वाड्यात गीझर नाही. बादलीत रॉड सोडायचा आणि पोळ्यांना लागायचं, हा नेहमीचा परिपाठ. परवा सासूबाई म्हणाल्या, "अगं, काहीतरी करपतंय बघ." भाजी तर केव्हाच उतरवलेली! न्हाणीपाशी जाऊन पाहते तो रॉडच्या प्लगभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालेलं. आधी मेन बंद केला, मगच पुढे झाले.

वायरमन आला. "वहिनी, लोड जास्त झाला," एवढंच म्हणाला. पण जास्त म्हणजे किती? मी शाळेत मराठी शिकवते, विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. शेवटी मुलीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढून बसले. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, हा हिशेब वाण्याच्या यादीहून अवघड नाही.

घरात वीज येते ती २३० व्होल्टच्या दाबाने. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॉट. आमच्या रॉडवर १५०० वॉट लिहिलंय. त्याला २३० ने भागलं, साडेसहा अँपिअर आले. आणि सॉकेट होतं ६ अँपिअरचं, छोट्या भोकांचं! रॉडचा मोठा प्लग त्यात बसावा म्हणून मीच हौसेने कन्व्हर्टर आणला होता. आता बोल कुणाला लावणार?

पण अर्ध्या अँपिअरने एवढं जळेल का, ही शंका मलाही आली. खरी गोम निराळीच आहे. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, तो ओहममध्ये मोजतात. (१८२७ साली हा नियम छापणारे ओहम जर्मनीतले शाळामास्तर होते, हे कळल्यावर मला उगीचच बरं वाटलं.) आमच्या रॉडचा रोध साधारण ३५ ओहम. पण प्लग सैल झाला की पिनांपाशीही थोडा रोध तयार होतो. समजा, एकच ओहम. साडेसहा गुणिले साडेसहा गुणिले एक, म्हणजे ४२ वॉट. पूर्वीचा ४० वॉटचा बल्ब आठवा, हात लागला की चटका बसायचा. तेवढी उष्णता त्या इवल्याशा प्लगमध्ये कोंडलेली!

दाब कमी असला की पाणी लवकर का तापत नाही, तेही यातच कळलं. १९० व्होल्टला ३५ ने भागा, ५.४ अँपिअर, म्हणजे जेमतेम हजार वॉट. अठरा मिनिटांची बादली पंचवीस-सव्वीस मिनिटं घेते. बिल मात्र तेवढंच, कारण पाण्याला लागणारी उष्णता तीच.

आता १६ अँपिअरचं सॉकेट बसवून घेतलंय आणि बोर्डापासून जाड वायर नवी ओढायला लावली. नुसतं सॉकेट बदललं असतं तर भिंतीतली जुनी बारीक वायर तापत राहिली असती. तुम्हीही उद्या पाणी तापलं की बटण बंद करा, प्लग काढा, मग त्याला हात लावून पाहा. किंचित कोमट चालेल. गरम लागला तर वायरमनला दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नका. बादलीत हात घालायचा तोही प्लग काढल्यावरच.

राहिली इस्त्री. ती ७५० वॉटची, म्हणजे सव्वातीन अँपिअर. रॉड चालू असताना त्याच बोर्डावर ती लावली की पावणेदहा झाले. ह्यांना सांगून टाकलंय, शर्टाची इस्त्री आदल्या रात्री.