दोन घरांचा खेळाडू : कांगा लीग, कचेरी-क्रिकेट आणि मुंबईचा अलिखित करार

१/ थ्रेड : पावसाळा जवळ आला की मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात एक वाद हमखास डोके वर काढतो. कांगा लीग भर पावसातच का खेळवायची? इतके गट आणि इतके संघ हवेत कशाला? एकाच खेळाडूवर क्लब, कचेरी आणि आता फ्रँचायझी अशा तिघांनी हक्क का सांगावा? उत्तरे देण्यापूर्वी ही रचना घडली कशी, हे पाहिले पाहिजे.

२/ स्पर्धेची रचना म्हणजे नुसते वेळापत्रक नव्हे. आत कोण येणार आणि कुंपणाबाहेर कोण राहणार, हे ती ठरवते. मुंबईत १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांच्यात प्रेसिडेन्सी सामने होत. १९०७ मध्ये हिंदू, १९१२ मध्ये मुस्लिम आणि १९३७ मध्ये ‘रेस्ट’ हा संघ आला. तिरंगी, चौरंगी, पंचरंगी असा हा प्रवास. संघात शिरण्याचा दरवाजा मात्र धर्माचाच राहिला.

३/ त्या दरवाजाच्या आतही उंबरठे होते. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी लाभले नाही. तो मान पालवणकरांच्या घरात यायला १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले.

४/ १९११ च्या त्याच संघात बाळूंसोबत एक पारशी डॉक्टर होते : होरमसजी कांगा. पंचरंगी सामन्यांना १९४० मध्ये गांधीजींनी उघड नापसंती दर्शवली आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर ते कायमचे थांबले. १९४८ मध्ये डॉ. कांगा यांच्या स्मरणार्थ नवी लीग सुरू झाली. तिचा घटक धर्म नव्हता, क्लब होता.

५/ जिमखान्यांची समाजवार ओळख एका रात्रीत पुसली गेली, असे नव्हे. पण एक मूलभूत बदल घडला. ‘ए’ ते ‘जी’ अशा सात गटांची शिडी उभी राहिली. जिंकणारा संघ वर चढणार, हरणारा खाली उतरणार. तळाच्या गटातल्या संघालाही शिखराकडे जाणारा मार्ग दिसू लागला, आणि तो मार्ग गुणांचा होता.

६/ ही लीग पावसाळ्यात का? नेहमी सांगितले जाणारे कारण असे, की इंग्लंडमधील ओल्या खेळपट्ट्यांची सवय मुंबईच्या फलंदाजांना व्हावी. उघडी खेळपट्टी, वाढलेले गवत, मध्येच थबकणारा चेंडू. जमिनीलगत मारलेला सुरेख फटका गवतात अडकतो, म्हणून चेंडू उंचावरून मारण्याचे धाडस शिकावे लागते. तंत्राची परीक्षा आहेच. त्याहून अधिक परीक्षा धीराची आहे.

७/ परंतु पावसाळ्याचा आणखी एक उपयोग होता आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. मुंबईत कचेऱ्यांचे क्रिकेट कांगा लीगपेक्षाही जुने. १९३० च्या दशकाच्या आरंभीच टाइम्स शील्ड सुरू झाली होती. बँका, गिरण्या, कारखाने आपापले संघ उतरवीत. तो हंगाम पाऊस सरल्यावरचा. म्हणजे ढग असेतो खेळाडू क्लबचा आणि ऊन पडले की कचेरीचा.

८/ काही परिचित नावे पाहा. सुनील गावसकर : दादर युनियन आणि निर्लॉन. अजित वाडेकर : शिवाजी पार्क जिमखाना आणि स्टेट बँक. दिलीप वेंगसरकर : दादर युनियन आणि टाटा. पद्माकर शिवलकर : शिवाजी पार्क जिमखाना आणि टाटा. प्रत्येकाला खेळातली दोन घरे होती आणि दोन्ही घरांना त्याचा अभिमान होता.

९/ या व्यवस्थेत वाटणी नेमकी होती. क्लबने ओळख, सराव आणि ज्येष्ठांचा धाक दिला. कचेरीने महिन्याचा पगार दिला. सामन्यांच्या तारखा सहसा एकमेकींवर आदळत नव्हत्या, म्हणून निष्ठेचा प्रश्न उभा राहत नव्हता. करार कुठे लिहिलेला नव्हता. ऋतुमानानेच तो पाळला जाई.

१०/ त्याचे मोल शिवलकरांच्या कारकिर्दीत दिसते. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. मानधन तुटपुंजे असलेल्या काळात असा गोलंदाज वर्षानुवर्षे मैदानावर कसा टिकला? पाठीशी नोकरी होती आणि परतायला क्लब होता. देशाचा संघ मूठभरांनाच लाभतो. रचनेची खरी कसोटी उरलेल्यांचे काय होते, यावर लागते.

११/ १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. त्याचे सारे श्रेय एका लीगला देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण मुंबईचा रणजीपटू कांगा लीगमध्ये एखाद्या अनोळखी क्लबच्या तरुणासमोर उभा राहत होता, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. रविवारी त्याचा त्रिफळा उडवणाऱ्या पोराचे नाव सोमवारी मैदानोमैदानी होई.

१२/ हा करार क्रिकेटपुरता नव्हता. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी या पट्ट्यात कबड्डीचीही अशीच घडी होती. मंडळाचा संघ ‘स्थानिक’ गटात, गिरणीचा, बँकेचा किंवा कंपनीचा संघ ‘व्यावसायिक’ गटात. चाळीतला चढाईपटू आज मंडळासाठी दम घुमवी आणि उद्या नोकरी देणाऱ्या संघासाठी. नाक्यावरचे प्रेक्षक दोन्हीकडे त्याचेच.

१३/ या घडीला पहिला मोठा तडा १८ जानेवारी १९८२ रोजी गेला. गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. पुढच्या दशकांत कचेऱ्यांनीही खेळाडूंची भरती आखडती घेतली. दोन घरांपैकी पगार देणारे घर असे हळूहळू रिकामे होत गेले.

१४/ मोकळ्या झालेल्या जागेत फ्रँचायझी आली. २००८ मध्ये आयपीएल, २०१४ मध्ये प्रो कबड्डी, २०१८ मध्ये टी-२० मुंबई लीग. त्यांनी पैसा आणला, प्रसिद्धी आणली. गुणी मुलांना कधी नव्हे ते मोल मिळाले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या लीग बंद दाराच्या आहेत. तिथे खालचा संघ जिंकून वर येत नाही. वरचा हरला म्हणून खाली जात नाही.

१५/ २०१८ च्या टी-२० मुंबई लीगमध्ये एका संघाचे नाव ‘शिवाजी पार्क लायन्स’ होते. नाव मैदानाचे, परंतु त्या मैदानावर वर्षभर सामने जिंकणाऱ्या क्लबला त्या संघाच्या जागी पोहोचण्याचा कोणताही रस्ता नव्हता. खेळाडू एकेकटा उचलला जातो. त्याला घडवणारा क्लब होता तिथेच राहतो.

१६/ अशा पेचातून गेलेला एक खेळ दूर ब्रिटनमध्ये आहे : स्पीडवे, म्हणजे मातीच्या लंबगोल धावपट्टीवर बिनब्रेकच्या मोटारसायकलींची सांघिक शर्यत. १९६५ मध्ये तिथे दोन लीग एकत्र झाल्या. १९६८ मध्ये दुसरी श्रेणी पुन्हा आली. १९९५ मध्ये पुन्हा विलीनीकरण आणि १९९७ मध्ये पुन्हा फारकत. स्वार अपुरे पडू लागले, तेव्हा एकाच स्वाराने दोन श्रेणींतल्या दोन क्लबांकडून धावण्याची मुभा रुळली.

१७/ मुंबईप्रमाणे तिथेही खेळाडू दोन घरांचा झाला. फरक एवढाच, की दोन्ही श्रेणींचा हंगाम एकाच उन्हाळ्यात येतो. मग तारखा एकमेकींवर आदळतात, ऐनवेळी पाहुणा स्वार शोधावा लागतो आणि आपला माणूस नेमका कोण, असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो. खेळाडू वाटून घेण्यात दोष नाही. हंगाम न वाटता खेळाडू वाटण्यात आहे.

१८/ आता मूळ वादाकडे. कांगा लीगचे टीकाकार चुकीचे बोलत नाहीत. कित्येक सामने पावसात वाहून जातात. निसरड्या मैदानावर दुखापतीचे भय असते. इंग्लंडमध्येही खेळपट्ट्या आता झाकल्या जातात, म्हणजे पूर्वीचे समर्थन लंगडे झाले आहे. प्रमुख खेळाडू फिरकत नाहीत, तर इतका खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्तच आहे.

१९/ पण ही लीग पावसाळ्यातून उचलून कोरड्या महिन्यांत नेली, तर ती थेट रणजी, वयोगटांचे सामने आणि उरलेल्या कचेरी-स्पर्धा यांच्या गर्दीत सापडेल. त्या चढाओढीत क्लब हरणार, हे उघड आहे. पाऊस ही लीगची अडचण आहे, तसेच तिचे कुंपणही आहे. कुंपण काढण्यापूर्वी आतल्या रोपाचा विचार व्हावा.

२०/ म्हणून कोणत्याही सुधारणेला तीन कसोट्या लावाव्यात. पहिली कसोटी हंगामाची. पावसाळ्यातले मोजके दिवस केवळ क्लबांचे म्हणून राखून ठेवावेत आणि त्या दिवशी मुंबईच्या संघातील तंदुरुस्त खेळाडू आपल्या क्लबकडून उतरावेत. दोन-तीन सामने पुरेत. तळातून चढून आलेल्या गोलंदाजाला मोठा फलंदाज समोर दिसला पाहिजे. शिडीला अर्थ त्यामुळेच येतो.

२१/ दुसरी कसोटी परतीच्या वाटेची. वरच्या संघाने खालच्या क्लबचा खेळाडू जरूर घ्यावा. पण त्याच्या नावापुढे मूळ क्लबचे नाव राहावे, हंगाम संपताच त्याला परतता यावे आणि त्याच्या कमाईतला काही वाटा त्या क्लबच्या सरावजाळ्यासाठी, रोलरसाठी, माळ्याच्या पगारासाठी यावा. हे फ्रँचायझीलाही लागू व्हावे.

२२/ तिसरी कसोटी शिडीची. गट कमी करायचे असतील तर करावेत. सात हा आकडा काही पवित्र नाही. परंतु सर्वांत खालच्या पायरीवरून सर्वांत वरच्या पायरीपर्यंत खेळून पोहोचण्याचा हक्क अबाधित राहिला पाहिजे. अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर ‘जॉन ब्राइट’ या क्लबकडून कांगा लीगमध्ये उतरला होता. त्या वेळी कोणत्याही लिलावात त्याची बोली लागली नसती.

२३/ यावर एक आक्षेप येईल : ही सारी जुन्या दिवसांची हळहळ आहे. तसे नाही. गिरणीची किंवा कचेरीची नोकरी परत येणार नाही, हे मान्य करूनच हे मांडले आहे. एक घर गेले असताना उरलेल्या घराचे वासे तरी मजबूत करावेत, एवढीच मागणी आहे. क्लबही गेला, तर ज्या मुलावर बोली लागत नाही त्याला उभे राहायला जागा राहणार नाही. आणि अशीच मुले बहुसंख्य आहेत.

२४/ पंचरंगीपासून फ्रँचायझीपर्यंत मुंबईने खेळाची रचना अनेकदा बदलली. १९४८ मध्ये ती बदलली, तेव्हा दरवाजा रुंद झाला होता. येत्या पावसाळ्याच्या तारखा ठरवणाऱ्यांनी तेवढे एक साल समोर ठेवावे. आझाद मैदानावर एकमेकांना खेटून कितीतरी सामने चालू असतात आणि एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. त्या दाटीतही प्रत्येकाला ठाऊक असते, आपण कोणत्या क्लबचे आहोत. (समाप्त)