जुन्या घड्याळाचं मोल दोघांनाही कळायला हवं



घर चालवणारीला वस्तू पारखायला शिकवावं लागत नाही. वांगं आपण फिरवून पाहतो, सोन्यावर हॉलमार्क शोधतो, साडीचा पदर उलटा करून बघतो. पण हल्ली घरातली तरुण मुलं मोबाईलवर चार फोटो बघून जुन्या वस्तूंसाठी महिन्या-महिन्याचा पगार पाठवून देतात. आमच्या चंद्रपुरातही जुन्या घड्याळांचं, त्यातही पाणबुड्यांच्या घड्याळांचं वेड आलंय. चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र कुठूनच लागत नाही, तरीही!

माझं म्हणणं असं की, चौकशी केल्याशिवाय जुनं घड्याळ घेऊ नये, आणि चौकशीत जे कळलं ते समोरच्यापासून लपवू नये. पहिलं सगळ्यांना पटतं. दुसऱ्यावरून आमच्या घरात चांगलाच वाद झाला.

आधी पहिल्याबद्दल. माझ्या दिराचा मुलगा कोळसा खाणीत नोकरीला आहे. त्याला हा नाद लागला, आणि त्याच्यामुळे मलाही बरंच कळलं. पाणबुड्याचं घड्याळ म्हणजे जाड स्टीलची पेटी, आत पाणी जाऊ नये म्हणून रबरी वायसर, घट्ट बसणारी चावी, अंधारात दिसणारे काटे आणि काचेभोवती फिरणारी कडी. पाण्याखाली किती मिनिटं झाली ते त्या कडीवरून कळतं. रोलेक्स आणि ब्लाँपाँ या कंपन्यांनी १९५३ च्या सुमारास अशी घड्याळं आणली. आपल्याकडच्या जुन्या लोकांना मात्र ओळखीचं नाव फेवर ल्यूबाचं. या स्विस घराण्याचा धंदा १७३७ पासूनचा, आणि १८६५ मध्ये त्यांचा माणूस भारतात आला तेव्हापासून इथे त्यांची घड्याळं विकली जात होती. १९६४ मध्ये त्यांनी दोनशे मीटर खोलीपर्यंत चालणारं ‘डीप ब्लू’ काढलं, आणि १९६८ मध्ये खोली मोजणारं ‘बॅथी’.

आता अडचण अशी की, मुंबईच्या जुन्या बाजारात तीन घड्याळांचे भाग जोडून चौथं तयार होतं आणि तबकडी नवी रंगवून मिळते. एचएमटीचंही तेच. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, मागणी वाढली आणि कधी कारखान्यातून निघालेच नव्हते अशा रंगांचे ‘जनता’ बाजारात दिसू लागले. दुरुस्ती करणं वाईट नाही. रंगवलेलं घड्याळ मूळचं म्हणून विकणं वाईट.

म्हणून पैसे देण्याआधी एवढं बघाच.

तबकडी भिंगाखाली बघा. मूळ छपाई बारीक आणि रेखीव असते. हाताने रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं फुगलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत.

अंधारात बघा. साठ वर्षांपूर्वीचं घड्याळ रात्रभर लख्ख चमकत असेल तर खुश होऊ नका, तो लेप नंतर लावलेला आहे. जुना ट्रिटियमचा लेप दर बारा वर्षांनी साधारण निम्मा होत जातो. त्याआधीच्या रेडियमच्या लेपाची चमक मरते, पण किरणं शेकडो वर्षं राहतात. म्हणून असं घड्याळ घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर तर मुळीच, उघडू नका. आणि काट्यांवरचा लेप तबकडीवरच्या लेपाच्याच रंगाचा आहे ना, तेही बघा.

मागचं झाकण घड्याळजीकडून उघडून घ्या आणि मशीनवर कंपनीचं नाव आहे का ते बघा. विकणारा आतला फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर विषय तिथेच संपवा. पेटीच्या कडा साबणासारख्या गोल झाल्या असतील तर ती फार पॉलिश झालेली आहे, म्हणजे किंमत कमी.

झाकणावर दोनशे मीटर लिहिलंय म्हणून बादलीतही बुडवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४७ च्या वर जातो, त्यात रबर वाळून चिरतं. वायसर बदलून तपासणी होईपर्यंत ते घड्याळ पाण्यासाठी नाहीच.

भाव काढताना मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्षात काय भावाला गेलं ते बघा. समजा, तसंच चालू स्थितीतलं घड्याळ २२,००० ला विकलं गेलंय. तुमच्या समोरच्याला ४,००० ची सर्व्हिसिंग हवी आणि चावी मूळची नाही म्हणून १,५०० कमी, तर त्याची किंमत १६,५००. विकणारा तीस म्हणत असेल तर तीस ही त्याची इच्छा झाली, भाव नव्हे. आणि घड्याळ त्याच्याकडे कुठून आलं हेही विचाराच. आपल्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणं आहे, तसं खोटी वस्तू खरी म्हणून विकणंही आहे.

आता वादाचा मुद्दा. हे सगळं शिकल्यावर आमच्या मुलाला अगदी जवळच एक ‘डीप ब्लू’ सापडलं. आमच्या ओळखीच्या एका आजींच्या कपाटात. त्यांचे यजमान लाकडाच्या व्यापारात होते. आलापल्लीकडच्या सागवानासाठी पावसाळ्यात नाल्या-नद्या ओलांडत हिंडायचे, म्हणून त्यांनी मुंबईहून हे पाण्याचं घड्याळ आणलेलं. आजी म्हणाल्या, “बंद पडलंय, दोन हजार दे आणि घेऊन जा.” त्याच्या हिशेबाने ते चाळीस हजारांच्या खाली नव्हतं.

घरी येऊन तो म्हणाला, “काकू, भाव त्यांनीच सांगितला ना? मी काही खोटं बोललो नाही. सहा महिने अभ्यास केला, त्याची काही किंमत नाही का?”

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. व्यापारी माणसाला माहितीचीच कमाई असते, आणि आपल्या समाजात तर व्यापार पिढीजात. त्याने घड्याळ स्वस्तात घेऊन दुरुस्त केलं आणि नफ्यात विकलं, तर मी त्याला दोष देणार नाही. नफ्याला माझी हरकत नाही. पण त्या आजी बाजारात बसलेल्या नव्हत्या. त्यांनी भाव ठरवला नव्हता, ओळखीच्या मुलावर भरवसा टाकला होता. विकणारा रंगवलेली तबकडी मूळची म्हणून देतो तेव्हा आपण त्याला लबाड म्हणतो, कारण त्याला माहीत असतं आणि आपल्याला नसतं. घेणाऱ्याला माहीत असेल आणि विकणाऱ्याला नसेल, तर लबाडीचं नाव बदलतं का? खोट्या मापाने तोलणं हाही त्याच व्रताचा अतिचार आहे. माझ्या मते, एकाच पारड्यात माहिती ठेवून तोलणं त्याच्याच जवळचं.

मी त्याला म्हटलं, “आजींना आकडा सांग, मग तुझ्या मेहनतीचे पाच-सात हजार उघडपणे कमी करून माग. देतील तर तुझं.”

त्याने सांगितलं. आजींनी नागपूरला लेकीला फोन केला, आणि लेक म्हणाली, बाबांचं घड्याळ विकायचं नाही. मुलगा आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचं नुकसान खरं आहे, मी ते नाकारत नाही. खरं बोलल्यावर घड्याळ हातातून जाऊ शकतं, हे धरूनच खरं बोलायचं असतं.

शेवटी एक काम सांगते. तुमच्या सासऱ्यांचं किंवा वडिलांचं बंद घड्याळ कुठल्यातरी डब्यात नक्की असेल. दारावर जुनी घड्याळं मागत येणाऱ्याला ते देण्याआधी दोन वेगवेगळ्या घड्याळजींना दाखवा. आत काय आहे, मूळ किती आणि बदललेलं किती, हे कागदावर लिहून घ्या. विकायचं की ठेवायचं ते त्यानंतर ठरवा.