धसक्याला पंचनामा नाही

फटाक्याचा आवाज सर्वांच्या कानांत सारखाच शिरतो, पण सर्वांच्या मनात तो सारखाच उतरतो असे नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एखादा सुतळीबाँब फुटला की पोरे टाळ्या पिटतात, म्हातारी माणसे कानांवर हात ठेवून हसत हसत शिव्या घालतात, आणि फराळाची ताटे पुन्हा पुढे सरकतात. पण भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी स्फोट झाला, छत कोसळले आणि त्या एका दिवसात आठ कामगार गेले. त्या छताखालून जो जिवंत बाहेर आला, त्याच्या घरी हा सुतळीबाँब कसा ऐकू येत असेल? तो ऐकून त्याच्या हातातली करंजी गळून पडली, तर त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी वाचकांनी क्षणभर थांबावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

आपल्या भाषेला हा आजार फार जुना ठाऊक आहे. 'तिने धसका घेतला', 'त्याने हाय खाल्ली' असे आपल्या आज्या म्हणत आल्या. डॉक्टर मंडळींना मात्र तो ओळखायला दोन महायुद्धे लागली. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्याने थरथर कापणाऱ्या सैनिकांच्या अवस्थेला 'शेल शॉक' म्हटले गेले, आणि त्यांतल्या कित्येकांच्या कपाळी पळपुटेपणाचा शिक्काही बसला. पुढे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची दैना पाहून १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या ग्रंथात त्याला स्वतंत्र जागा दिली. मराठीत त्याला 'आघातोत्तर तणाव विकार' असे एक जडजंबाल नाव मिळाले आहे. आपण त्याला धसकाच म्हणू. झालेला प्रसंग दिवसाढवळ्या पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, त्या वाटेने, त्या वासाने, त्या माणसांच्या आठवणीनेही दूर पळणे, झोप उडणे, उगाच दचकणे, आणि घरच्या माणसांतही परक्यासारखे बसून राहणे, ही त्याची चिन्हे. महिना उलटून गेल्यावरही ती ओसरली नाहीत आणि माणसाला कामधंदा सुचेनासा झाला, तर तो आजार समजावा. संकटातून गेलेल्या प्रत्येकाला तो जडत नाही. बहुतेक माणसे आपल्या माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात. पण जी सावरत नाहीत, त्यांची जखम वरून दिसत नाही, आणि आमचा सारा कारभार तर दिसणाऱ्या गोष्टींचा!

९ जानेवारी २०२१ ची रात्र आठवा. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या दक्षता कक्षाला आग लागली. आत सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. काही भाजून, बरीचशी धुराने गुदमरून. सगळा महाराष्ट्र हळहळला. मंत्री आले, चौकशी झाली, निलंबने झाली, मृत बाळांच्या कुटुंबांना पाच पाच लाखांची मदत जाहीर झाली. हे सारे व्हायलाच हवे होते. पण ज्या बाईचे दूध उतरले आणि प्यायला बाळ उरले नाही, तिच्या रात्रींचे काय? जी परिचारिका धुराने भरलेल्या त्या खोलीपाशी पोहोचली, तिच्या रात्रींचे काय? ज्या सात घरांत बाळ परत आले, तिथली आई पुढे चुलीच्या धुरालाही दचकत असेल, तर तिचे नाव कोणत्या यादीत घातले? गुरे वाहून गेली तर आमचा तलाठी पंचनामा करतो. धान पाण्याखाली गेले तर बांधाबांधाने फिरून नुकसान मोजतो. धसक्याला तेवढा पंचनामा नाही.

न्यायालयांचीही तीच गत. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भय्यालाल भोतमांगे एकटे मागे राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये वारले. भंडाऱ्याच्या न्यायालयाचा निकाल झाला, उच्च न्यायालयाचा झाला. फाशी आणि जन्मठेप यांवर देशभर चर्चा झाल्या. मागे उरलेल्या माणसाने दहा वर्षे कशी काढली, याचा हिशेब कोणत्या निकालपत्रात येतो?

आता ऐन वेळी एक नवा वैद्य दारात आला आहे, आणि तो म्हणतो की चिंता सोडा, इंजेक्शन घ्या! त्या इंजेक्शनचे नाव केटामीन. ते नवे मुळीच नाही. कॅल्व्हिन स्टीव्हन्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९६२ साली ते तयार केले, १९६४ मध्ये ते माणसाला प्रथम दिले गेले, आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्याला भुलीचे औषध म्हणून परवानगी मिळाली. ज्या व्हिएतनाम युद्धाने धसक्याला डॉक्टरी नाव मिळवून दिले, त्याच युद्धात जखमींना भूल द्यायला केटामीन वापरले जात होते. ते स्वस्त आहे. त्याने श्वास सहसा मंदावत नाही, म्हणून मोठी यंत्रसामग्री नसलेल्या ठिकाणीही ते चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. पोराचे मोडलेले हाड बसवताना, भाजलेल्याची पट्टी बदलताना आपल्या डॉक्टरांनी ते वर्षानुवर्षे वापरले आहे. भाजलेल्या कातडीची वेदना विसरायला लावणारे हे औषध भाजलेल्या मनालाही उपयोगी पडेल काय, असा प्रश्न संशोधकांना पडला, आणि तो रास्तच होता.

उत्तर काय मिळाले ते नीट पाहावे, कारण जाहिराती अर्धेच सांगतात. २०१४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ४१ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. भुलीपेक्षा पुष्कळ कमी मात्रा शिरेतून एकदाच दिली, तर चोवीस तासांत धसक्याची लक्षणे तुलनेच्या औषधापेक्षा अधिक उतरली. २०२१ मध्ये त्यांनीच ३० रुग्णांना दोन आठवड्यांत सहा वेळा औषध दिले. केटामीन मिळालेल्यांपैकी ६७ टक्क्यांना चांगला गुण आला, तुलनेच्या औषधाने तो २० टक्क्यांनाच आला. मोठीच बातमी! पण पुढची ओळ वाचा. गुण आलेल्यांपैकी निम्म्यांचा गुण साधारण महिन्याभरात ओसरला. आणि २०२२ मध्ये १५८ आजीमाजी सैनिकांवर याहून मोठा प्रयोग झाला, तेव्हा चार आठवड्यांत आठ वेळा औषध देऊनही धसक्याच्या बाबतीत ते नुसत्या मिठाच्या पाण्याहून निश्चितपणे सरस ठरले नाही. उदासी तेवढी कमी झाली. म्हणून अमेरिकेच्याच माजी सैनिकांच्या खात्याने आणि संरक्षण खात्याने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात धसक्यासाठी केटामीन वापरू नये असा सल्ला आहे. ज्यांच्या घरी हा आजार सर्वांत जास्त, तेच हे म्हणत आहेत.

इकडे मात्र अमेरिकेत खाजगी केटामीन दवाखान्यांचे पीक आले आहे, आणि आपल्या मोठ्या शहरांतही त्याची रोपे लागली आहेत. औषधाची कुपी स्वस्त आणि ते घ्यायची खुर्ची महाग, असा हा व्यवहार आहे. दुःखाने गांजलेला माणूस आशेचा भाव करत नाही, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. औषधाने रक्तदाब चढतो, काही काळ भान सुटते. नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांचे मूत्राशय कायमचे बिघडू शकते. मॅथ्यू पेरी हा अमेरिकेतला लोकप्रिय नट उपचार म्हणून ते घेत होता, मग बाहेरून मिळवून घेऊ लागला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्याच परिणामाने गेला. आपल्याकडे २०१३ पासून हे औषध कडक नोंदी ठेवायच्या अनुसूचीत आहे, ते उगाच नव्हे.

याचा अर्थ केटामीन हे विष आहे, असा कांगावा करणाऱ्यांच्या कळपातही आम्ही जाणार नाही. हट्टी उदासीच्या काही रुग्णांना त्याने तात्पुरता का होईना, जीव वाचवण्याइतका आधार दिला आहे. उद्या धसक्यासाठीही त्याची योग्य जागा सापडेल. ती सार्वजनिक रुग्णालयात शोधावी, मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांच्या नजरेखाली शोधावी, आणि इतर उपाय करून पाहिल्यावर शोधावी. आमची तक्रार औषधाशी नाही. जिथे साधी बैठकही होत नाही तिथे इंजेक्शनचे गोडवे गाणाऱ्यांशी आमची तक्रार आहे.

कारण गुणकारी म्हणून पारखलेला उपाय आज हाताशी आहे, आणि तो बैठकीचाच आहे. शिकवून तयार केलेल्या माणसाजवळ आठवड्यातून एकदा, आठ-दहा-पंधरा वेळा बसायचे. ज्या आठवणीपासून आपण पळतो ती त्याच्या सोबतीने, बेताबेताने, शब्दांत मांडायची. टाळलेल्या वाटांवर पुन्हा पाऊल टाकायचे. जोडीला गरज पडली तर सरट्रालीनसारख्या साध्या गोळ्या. हा उपाय घाईचा नाही. संकटाच्या दुसऱ्याच दिवशी खोदून खोदून विचारण्याने बरे होण्याऐवजी अपायच होऊ शकतो. 'आता कसे वाटते?' म्हणत आईच्या तोंडापुढे कॅमेरा धरणाऱ्यांनी हे लिहून ठेवावे.

आणि या उपायाला भाषा लागते. सुईला भाषा नसते, ती न्यूयॉर्कमध्ये टोचली काय नि लाखांदुरात टोचली काय, सारखीच. पण पवनीची बाई आपले दुःख झाडीबोलीत सांगणार. मंडईतल्या दंडारीला हसणारा साकोलीचा कामगार त्याच बोलीत रडणार. तिथे परक्या देशाचे यंत्र कामाचे नाही, शेजारच्या गावचा शहाणा माणूस कामाचा. असे माणूस मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी जरा अमरावतीकडे पाहावे. तिथल्या तीस खेड्यांत 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून उदासीच्या रुग्णांपर्यंत पोहोचवले, तेव्हा मदत घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. उदासी आणि धसका हे आजार वेगळे, हे खरे. पण वऱ्हाडात जी वाट सापडली, ती वैनगंगेकाठी पोहोचू नये असे काही शास्त्र नाही.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला मानसिक उपचाराचा हक्क दिला, आणि जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यातल्या इतर ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असेही म्हटले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तर २००९ सालीच आपत्तीतील मानसिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वे छापली. कागद आहे, शिक्का आहे. चालत जाणारे पाय हवेत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. स्फोट, आग, पूर, खून, वाघाचा हल्ला, काहीही असो, तलाठी जसा नुकसानीच्या घरी जातो तसा एक शिकलेला समुपदेशक त्या घरी गेला पाहिजे, आणि एकदा नव्हे, वर्षभर. त्याच्या वहीत मृताच्या घरच्यांबरोबर वाचलेल्याचे, वाचवणाऱ्याचे आणि ड्यूटीवर असलेल्या बाईचेही नाव पाहिजे. त्यापलीकडे कोणाला तज्ज्ञाची गरज लागली, तर त्याला 'नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात नेतात' अशी कुजबुज न होता भंडाऱ्यातच तो मिळाला पाहिजे.

तोवर वाचकहो, आपणही काही करू शकता. घरातला कोणी दचकत असेल, गप्प झाला असेल, रात्र रात्र जागत असेल, तर 'मन घट्ट कर' एवढे सांगून उठू नका. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरकडेही न्या. सरकारची १४४१६ ही टेलिमानस दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. आणि मते मागायला येणाऱ्यांना रस्त्याबरोबर, नळाबरोबर हेही विचारा, की जिल्ह्यात धसक्याचा पंचनामा करणारा माणूस कधी नेमता? उत्तरात इंजेक्शनाचे नाव निघाले, तर म्हणावे, तेही पाहू. पण आधी माणूस पाठवा.