आडोसा हवा, भिंत नको

दिल्लीच्या मुनिरक्यात डीडीएच्या (दिल्ली विकास प्राधिकरणाच्या) सदनिकेत तळमजल्यावर राहायला आले की पहिली चिंता अंगणाची. जाळीपलीकडून वाट जाते, समोर खिडक्या असतात, आणि दोरीवरच्या कपड्यांपासून सकाळच्या चहापर्यंत सारे चारचौघांत येते. आडोसा हवा, ही मागणी रास्तच आहे. माझा वाद तिच्यावरच्या ठरीव उपायाशी आहे: मोरपंखीची रांग लावा, बारमाही हिरवी भिंत होईल.

या उपायाच्या बाजूने पहिला मुद्दा असा की सूचिपर्णी झाड कधी उघडे पडत नाही. मोरपंखी मूळची चीन-कोरियाकडची असली तरी दिल्लीचा उन्हाळा सोसते, हेही खरे. पण तिला भरपूर ऊन लागते. इमारतीच्या सावलीत ती खालून विरळ होते, म्हणजे नेमकी जिथे आडोसा हवा तिथे. शिवाय तिच्या जुन्या, तपकिरी लाकडाला सहसा पुन्हा फूट येत नाही. कात्री खोल गेली की पडलेले भगदाड तसेच राहते.

दुसरा मुद्दा, एकदा लावले की काळजी मिटली. इंग्लंडने हाच समज धरून लेलँडी सायप्रसच्या रांगा लावल्या. ते झाड इतके वाढले, शेजाऱ्यांचे ऊन इतके अडले, की 2003 मध्ये कायदा करावा लागला. 2 मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणाविरुद्ध तिथे स्थानिक संस्थेकडे तक्रार करता येते. दिल्लीतही 1994 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर 5 सेंटिमीटर जाड खोड आणि 1 मीटर उंची एवढे झाले की कायद्याच्या लेखी ते झाड ठरते. मग हौसेने लावलेली मोरपंखी तोडायची झाली तरी परवानगी काढावी लागते.

तिसरा मुद्दा, जितके उंच तितके खासगी. हा तर हिशेबच चुकीचा आहे. वाटेने जाणाऱ्याची नजर पाच-साडेपाच फुटांवर असते. सहा फुटांचे कुंपण तिला पुरते. वरच्या मजल्यांवरून येणारी नजर अडवायला वीस फूट उंची लागेल, आणि तेवढ्या उंचीमुळे शेजारच्या घरात हिवाळ्याचे ऊन जाणार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या दिल्लीत ऊन ही चैन नाही. वरच्या नजरेसाठी बसायच्या जागेवर छोटा मांडव घालून मधुमालती चढवावी.

मग कुंपण कशाचे? कुंती, अडुळसा, मेंदी आणि करवंद यांचे, मिसळून. सदाहरितपणा ही काही सूचिपर्णींची मिरास नाही. कुंती आणि अडुळसाही वर्षभर हिरवे राहतात. कुंती थोडी सावली सोसते आणि पावसाळ्यात सुगंधी फुलते. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून तर कोकणात तो कुंपणाला लावतात. मेंदी कितीही छाटा, पुन्हा फुटते. एखादे रोप मेले तर बाकीची ती फट भरून काढतात. एकाच जातीच्या रांगेत रोग शिरला तर सगळी रांग धोक्यात येते.

ही झाडे या मातीला परकी नाहीत. शेजारच्या जेएनयू विद्यापीठाच्या खडकाळ रानात, म्हणजे दिल्लीच्या रिज नावाच्या टेकड्यांवर, अडुळसा आपोआप उगवतो आणि करवंदाची जातही दिसते. सह्याद्रीतून आलेल्या माणसाला मुनिरक्याच्या शेजारी ओळखीचे झाड भेटते, यापेक्षा बाग लावायचे मोठे कारण मला सुचत नाही. इतिहासाचीही याला साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात मिठाचा कर वसूल करायला इंग्रजांनी देशाच्या मोठ्या भागातून जकातरेषा आखून जे काटेरी कुंपण घातले, त्याचा हेतू निर्दय होता. पण जिवंत कुंपण उभे करताना त्यांनाही बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांच्याकडेच वळावे लागले. 1879 मध्ये ती जकातरेषा मोडली. तिने दिलेली झाडांची पारख मात्र खरी आहे.

जुलैच्या पहिल्या पावसानंतर दीड-दीड फुटांवर, दोन ओळींत, नागमोडी रोपे लावा. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढी झाली की शेंडे छाटा, म्हणजे बुडापासून फांद्या धरतील. खाली रुंद, वर निमुळते असा आकार ठेवा, म्हणजे तळाला ऊन पोहोचेल. तीन पावसाळे धीर धरावा लागेल. एवढे केले की चहा निवांत पिता येईल, आणि वरच्या घरातल्या आजींना थंडीतले ऊनही मिळत राहील. आपला आडोसा दुसऱ्याचा अंधार होऊ नये, एवढीच कुंपणाची खरी मर्यादा.