कोच बदला, कोच बदला... आणि मग?

डिसेंबर २०२४. बालेवाडी. प्रो कबड्डीच्या अकराव्या मोसमाचे पुण्यातले सामने चालू होते. ऑफिस लवकर आटपून मी आणि रूममेट गेलो होतो. पुणेरी पलटण मागे पडलेली. कॅप्टन अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने मोसमातून बाहेर. आणि मागच्या रांगेतला एक भाऊ घसा फाडून ओरडत होता, "कोच बदला रे ह्यांचा! काय बसलाय नुसता!"

तो "नुसता बसलेला" माणूस म्हणजे बी. सी. रमेश. म्हणजे ज्याने नऊच महिन्यांपूर्वी, १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पुण्याला पहिलंवहिलं विजेतेपद मिळवून दिलं तोच. तेव्हा हेच भाऊ व्हॉट्सॅपवर स्टेटस टाकत असणार, "अस्लमभाई जिंदाबाद". रमेशचं नाव कोणाच्याच स्टेटसवर नव्हतं. माझ्याही नव्हतं, खोटं कशाला बोला.

तर मंडळी, आजचा विषय हाच. जिंकलो तर हार रेडरच्या गळ्यात आणि हरलो तर शिव्या कोचला. कबड्डीच्या चाहत्यांची ही सवय माझ्या डोक्यात जाते. आणि ती नुसती स्टेडियमपुरती राहत नाही, थेट आमच्या मंठ्यापर्यंत पोचते. कशी ते पुढे सांगतो.

आधी कबुली. मीपण रेडरवेडाच. २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा मी अकरावीत होतो. लाईट असली तर शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर आम्ही पंधरा-वीस पोरं. जिल्ह्याबाहेरचं आमचं जग म्हणजे वाटूर फाट्यावरची एसटी आणि परतूरची रेल्वे, आणि टीव्हीवर हुतूतू! ज्या खेळात आमचे गुडघे फुटायचे त्याला लाईटिंग, कॉमेंट्री, स्लो मोशन! आम्ही सगळे यू मुंबाचे. अनुप कुमार चढाईला निघाला की कोणी पाणीसुद्धा प्यायचं नाही. बोनस रेषेवर पाय टेकवून, हसत हसत परत यायचा, जणू किराणा आणायला गेला होता. २०१५ ला बेंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून मुंबाने कप घेतला तेव्हा आम्ही आख्खी गल्ली डोक्यावर घेतली. त्या संघाचा कोच कोण, असं कोणी विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं. (ई. भास्करन. मला हे नाव कळायला पुढे चार वर्षं गेली.)

आणि चढाईत जादू आहेच की. एक माणूस, समोर सात, तीस सेकंद. ह्याच्याइतकं उघडं नाटक दुसऱ्या खेळात नाही. रिशांक देवाडिगाने २०१७ ला यूपी योद्धाकडून जयपूरविरुद्ध एका सामन्यात २८ गुण काढले, तो सामना मी मोबाईलवर कितीदा बघितला असेल त्याला गणती नाही.

पण नुसत्या रेडरवर संघ चालतो का? बघा हिशोब.

परदीप नरवालपासून सुरुवात करू. २०१७ च्या मोसमात ३६९ रेड पॉइंट, पटणा सलग तिसऱ्यांदा चॅम्पियन. तो आजवरचा सगळ्यात भारी रेडर, ह्यात वाद नाही. पण २०१९ ला त्याच परदीपने तीनशेच्या वर गुण काढले आणि पटणा प्लेऑफमध्येसुद्धा पोचलं नाही! मग २०२१ च्या लिलावात त्याला यूपीने १ कोटी ६५ लाखांना नेलं. सगळे म्हणाले पटणा संपलं. झालं काय? त्याच मोसमात परदीपशिवायचं पटणा गुणतक्त्यात पहिलं आलं आणि फायनलला दिल्लीकडून फक्त एका गुणाने हरलं, ३७-३६. कशाच्या जोरावर? पकडीच्या. मोहम्मदरेझा शादलू नावाचा इराणी पोरगा डाव्या कोपऱ्यात उभा होता आणि बाहेर राम मेहर सिंग नावाचा कोच.

आता आपला सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा गडी, २०१८ ला मुंबाकडून आला आणि पहिल्याच मोसमात दोनशेच्या वर गुण. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. त्याने तिथेही दोनशेच्या वर गुण काढलेच, त्याची काहीच चूक नाही. पण संघ तळाजवळच राहिला. त्याच्या पुढच्या मोसमात खांदा दुखावला आणि टायटन्सकडे दुसरा आराखडाच नव्हता. आमच्या आयटीत ह्याला म्हणतात सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. एकाच सर्व्हरवर सगळा धंदा चालवायचा आणि तो बसला की मग रात्री दोनला सगळ्यांना फोन.

आयटीचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. डेव्हलपरने फीचर केलं की टाळ्या, टेस्टरने बग काढला की "तू काय नेहमी खोडा घालतोस". कबड्डीतला कॉर्नर म्हणजे टेस्टर. चाळीस मिनिटं वाकून उभा, एकदा चुकला की शिव्या, दहादा बरोबर केलं की "रेडर चुकला". फझल अत्राचलीची घोटा पकड किंवा गिरीश एर्नाकची मांडी पकड नीट बघा कधीतरी. रेडर वळायच्या अर्ध्या सेकंद आधी तो वळणार हे ह्यांना कळलेलं असतं. ती समज शेकडो तासांच्या सरावातून येते, आणि तो सराव करून घेणारा बाकावर बसलेला असतो. "नुसता".

बरं, आता पुणेरी पलटणकडे या. पहिले दोन्ही मोसम पलटण तळाला होती. वर्षानुवर्षं मोठी नावं आणायची, हरायचं, कोच बदलायचा, हाच खेळ. मग अनुप कुमार कोच झाला. हो, तोच आमचा अनुप. २०२१-२२ च्या मोसमात त्याच्या हातात राहुल चौधरी होता, लीगच्या पहिल्या वर्षांतला सगळ्यात लाडका चेहरा. नितीन तोमरपण होता. सुरुवातीला संघ हरत होता. मग अनुपने काय केलं? मोठी नावं मागे ठेवून अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ह्या नव्या पोरांना पुढे घातलं. लोकांनी किती बोंब मारली तेव्हा! राहुलला बसवतो म्हणजे काय! पण त्याच पोरांनी संघ प्लेऑफपर्यंत नेला.

पुढच्या मोसमात रमेश आला. अस्लम आणि मोहित जायबंदी असताना पंकज मोहितेने सेमीफायनल ओढून काढली. फायनल जयपूरकडून ३३-२९ हरलो. आपल्यासारखा मालक असता तर त्याच रात्री कोचला तिकीट काढून दिलं असतं. त्यांनी रमेशला ठेवलं, अस्लमला कॅप्टन केलं आणि २ कोटी ३५ लाख मोजून आणला कोणाला? रेडरला नाही, डिफेंडरला. त्याच शादलूला!

निकाल माहितीच आहे. २२ साखळी सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी, फक्त २ पराभव. आणि गंमत बघा, त्या मोसमातला सर्वोत्तम रेडर पुण्याचा नव्हताच, दिल्लीचा आशु मलिक होता. सर्वोत्तम डिफेंडर मात्र शादलू, आणि मोसमातला सर्वात मौल्यवान खेळाडू अस्लम, जो चढाईही करतो आणि पकडही. फायनलचा तोल कोणी फिरवला? पंकज मोहितेच्या एका चढाईतल्या चार गुणांनी. कधी हा, कधी तो. कोणा एकावर संघ टांगलेलाच नव्हता. हे आपोआप होत नसतं हो.

ह्यावर माझा एक मित्र म्हणतो, "पण कोच कन्नड, कोपऱ्यात इराणी, ह्यात पुणेरी काय?" त्याला माझं उत्तर असं. हरियाणाच्या अनुपने आणि कर्नाटकच्या रमेशने नगर जिल्ह्यातल्या अस्लमला आणि नाशिकच्या आकाश शिंदेला उभं केलं. हे दोघं २०२३ च्या हांगझोऊ एशियाडला भारताकडून सुवर्ण घेऊन आले. आता तुम्ही सांगा, मराठी पोरांचं भलं कोणी केलं? त्यांना संधी देणाऱ्याने, का "मराठी पोरं कुठायत" म्हणून पोस्टी टाकणाऱ्याने?

आणि आपल्याकडे कोच नाहीत असंही नाही. आपण त्यांना ओळखत नाही, एवढंच. २४ ऑगस्ट २०१८, जकार्ता एशियाड, महिला कबड्डीची फायनल. २०१० आणि २०१४ चं सुवर्ण जिंकलेला भारत इराणकडून २७-२४ हरला. आपण सगळे हळहळलो. त्या इराणच्या कोच कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन! नाशिकच्या मैदानांवर आयुष्य घालवलेली बाई परक्या देशात जाते आणि त्यांना पहिलं सुवर्ण मिळवून देते. त्या दिवसापर्यंत त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? मी नव्हतं ऐकलं.

धीर म्हणजे काय ते बघायचं तर हरियाणाचा मनप्रीत सिंग बघा. बाकावर एवढे हातवारे करतो की त्यालाच गुण द्यावेत! कोच म्हणून २०१७ आणि २०१८ च्या फायनल गुजरातकडून हरला, मार्च २०२४ ची हरियाणाकडून आपल्याविरुद्ध हरला. तीन फायनल, तिन्ही पराभव. हरियाणाने त्याला काढलं नाही. २९ डिसेंबर २०२४ ला ह्याच बालेवाडीत त्याने पटण्याला ३२-२३ हरवून कप उचलला. आणि आपण? तो मोसम कॅप्टनविना गेला, प्लेऑफ हुकलं, आणि पुढच्या मोसमात रमेश बेंगळुरूच्या बाकावर. नवा कोच अजय ठाकूर ह्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्याने २०२५ ला संघ परत फायनलला नेला, दिल्लीकडून तीन गुणांनी हरलो. पण त्या रात्री ग्रुपवर पहिला मेसेज काय आला असेल? बरोबर ओळखलंत.

आता मंठा.

माझा चुलतभाऊ, दहावीत होता. अंगाने काटक, पायात वारा. गावात त्याच्यासारखा रेडर नाही. दिवसभर मोबाईलवर पवन सेहरावतच्या उड्या बघायचा. डिफेंडरच्या डोक्यावरून जाणारा पवन, बाजूला गाणं, खाली लाखो लाईक. एका संध्याकाळी मैदानात ह्याने तशी उडी मारली. खाली मॅट नव्हती, उन्हाळ्यात दगडासारखी झालेली काळी माती होती. उतरताना गुडघा आत वळला. जालन्याला नेलं, लिगामेंट गेलेलं. काकांनी त्या वर्षीचं सोयाबीन विकून ऑपरेशन केलं. तो आता चालतो, पळतो, पण मैदानाकडे जात नाही. मी फोनवर म्हणालो, "अरे, उडी मारायच्या आधी कोणाला विचारायचं तरी." तो म्हणाला, "दादा, कोणाला विचारू?"

मी काय सांगणार होतो? आमच्या वेळीसुद्धा खेळाचे सर होते, चांगले होते, पण त्यांचा निम्मा वेळ निवडणुकीच्या याद्या आणि खिचडीच्या नोंदवहीत जायचा. उडी कशी मारायची ते मोबाईल शिकवतो. उतरायचं कसं, गुडघा कुठे ठेवायचा, आणि कधी उडी मारायचीच नाही, हे शेजारी उभा असलेला माणूसच शिकवतो.

एक माणूस जिल्ह्याचं काय करू शकतो ते लांब जाऊन बघायला नको. आपल्याच मराठवाड्यात धाराशिव आहे. डॉ. चंद्रजित जाधवांसारख्या प्रशिक्षकांनी तिथे खो-खो रुजवला, आणि त्या मातीतून सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार झाली, २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. उलट २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणारी आपली कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, पण घडली पुण्याकडे. धाराशिवची माती काय बीड-जालन्यापेक्षा वेगळी आहे का हो?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पुढाऱ्यांनी मंठ्यात येऊन "भव्य कबड्डी स्पर्धा" भरवू नका, पहिलं बक्षीस बुलेट ठेवू नका. त्या पैशात एक शिकलेला प्रशिक्षक वर्षभर ठेवा. मॅट नंतर आणा, आधी माणूस आणा. आणि आपण चाहत्यांनी निदान एवढं करावं, की पोरांना रेडरच्या नावाबरोबर कोचचंही नाव सांगावं. ज्या कामाला मान नाही ते काम करायला कोण येईल?

दिवाळीला गावी जाणार आहे. चुलतभावाला एक विचारून बघणार आहे. खेळू नकोस, पण मैदानाच्या कडेला उभा राहा, लहान पोरांना उतरायचं कसं ते दाखव. चुकीचं उतरलं की काय होतं ते गावात त्याच्याइतकं कोणाला माहीत? हो म्हणेल की नाही सांगता येत नाही. तसा हट्टी आहे.

असो. आज इतकंच. आणि पुढच्या वेळी बालेवाडीत ते भाऊ परत मागच्या रांगेत भेटले, तर त्यांना चहा पाजून हे सगळं ऐकवणार आहे, सुट्टी नाही.